त्रेसष्ट सह्या आणि एक खिडकी

तीर्थरूप आत्यास,

भुणभुणीचा वाकून नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण या खोलीत आडवं झालं की पाय दाराबाहेर जातात आणि शेजारीण अडखळते.) तुझे गुडघे कसे आहेत? डावा अजून कुरकुरतो, की आता उजव्यानेही त्याचा कित्ता गिरवलाय? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस का, हे मी विचारतच नाही. चाळीस वर्षं दवाखान्याच्या औषधखिडकीत बसून अख्ख्या जगाला 'जेवणानंतर, चावायची नाही' असं दरडावणारी बाई स्वतःची गोळी रेडिओवर ठेवते आणि विसरते, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी इथे मजेत आहे. मजेत म्हणजे काय, ते पुढे वाचशीलच. फोन न करता पत्र का लिहिलं, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तुझं-माझं बोलणं बाबांच्या हातातून होतं, आणि बाबा स्पीकर लावून मधेमधे 'ताई, ती काय म्हणते कळलं का?' असं भाषांतर करत बसतात. मी मराठीतच बोलत असते गं.

मी नेमकं काय शिकते याबद्दल घरात जे पसरलंय ते माझ्या कानावर आलं आहे. तू म्हणतेस 'आभाळाचं कॉलेज'. बाबा जिन्यात भेटेल त्याला सांगतात की मुलगी सूर्य बारीक करायला शिकते, जणू ती गॅसची शेगडीच आहे. आता गंमत अशी की दोघंही फारसे चुकलेले नाहीत. जिओइंजिनीअरिंग म्हणजे काय ते तुला तुझ्याच खिडकीतून सांगते. पृथ्वीला ताप आलाय. का आला, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण रोगी काही धूर सोडायचा थांबत नाही आणि पथ्याचं नाव काढलं की अंगावर येतो. मग काही हुशार मंडळी जमली आणि म्हणाली, पथ्याचं जाऊ दे, आपण कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवू. म्हणजे समुद्रावरच्या ढगांत खारं पाणी फवारायचं, ढग आणखी पांढरे करायचे, की ऊन वरच्या वर परत. कोणी म्हणतं आणखी उंच जाऊन गंधक सोडा, कोणी म्हणतं समुद्रात लोखंडाची भुकटी ओता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! पण आत्या, या पखालीला औषध देण्याची दोन वर्षांची पदवी मिळते, आणि ती घ्यायला तुझी भाची एवढा समुद्र ओलांडून आली आहे.

अभ्यासक्रम मोठा विचारपूर्वक आखलाय. पहिल्या सत्रात पृथ्वी थंड कशी करायची हे शिकवतात, दुसऱ्या सत्रात ती थंड का करू नये हे शिकवतात, आणि तिसऱ्या सत्रात पहिल्या सत्राचे मास्तर दुसऱ्या सत्राच्या मास्तरीणबाईंशी आमच्यासमोर भांडतात. (त्याचेही गुण असतात. भांडणाचे नाही, टिपणं काढल्याचे.) हे सगळं ज्या वर्गात चालतं तिथे खिडक्या रंगाने चिकटून कायमच्या बंद झाल्या आहेत. खोलीचं तापमान ठरवायचं बटण काचेच्या पेटीत कुलूपबंद आहे आणि किल्ली ज्या पहारेकऱ्याकडे आहे तो दुपारी भेटत नाही. तेव्हा जगाचं तापमान दीड अंशाने कसं उतरवावं यावर आम्ही घाम पुसत चर्चा करतो, आणि वर्गाचं तापमान दोन अंशांनी उतरवायला मी सप्टेंबरात केलेला अर्ज अजून विचाराधीन आहे. माझ्या खोलीतली जोडीदारीण, जिला मी दगडाबाई म्हणते, तिचा विषय वेगळा. ठरावीक जातीचा दगड दळून शेतात पसरला की तो हवेतला वाईट वायू शोषून घेतो म्हणे. म्हणजे हजार वर्षांत. तोवर तिचं पीठ आमच्या उशीवर, टॉवेलवर आणि माझ्या चहात शोषत बसलेलं असतं. ती मुलगी लाखात एक आहे, पण ती खोलीत शिंकली की मला शिंकांमागे पाटीभर दगड दिसतात.

परदेशी विद्यार्थी म्हणून माझी इथे जी बडदास्त ठेवली जाते तीही सांगायला हवी. पहिल्याच दिवशी परवान्याच्या कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, येण्याचा उद्देश? मी खरं ते सांगितलं, की ऊन कमी करायचं शास्त्र शिकायचंय. त्याने माझ्याकडे पाहिलं, खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, आणि साहेबांना बोलावलं. साहेबांनी त्यांच्या साहेबांना बोलावलं. शेवटी कागदावर 'उद्देश : इतर' असं लिहून मला सोडलं. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी मी तिथे जाते, सहा बोटांचे ठसे देते (दहातले चार यंत्राला पटत नाहीत) आणि मी अजून मीच आहे हे सिद्ध करून येते. मी केलेला ढग वाऱ्याने शेजारच्या देशात गेला तर त्याला कोणी थांबवत नाही. त्याला ना फोटो लागतो, ना बँकेचा दाखला. मला मात्र ग्रंथालयाच्या दारातला माणूस रोज ओळखपत्र उलटंपालटं करून बघतो, आणि रोज म्हणतो की फोटोत तुम्ही जाड दिसता.

असो. नमनालाच घडाभर तेल झालं. मूळ कथा माझ्या प्रबंधाची. आमचे मार्गदर्शक, ज्यांना आम्ही ढगोबा म्हणतो (पांढरे केस, विस्कटलेले, आणि कामाच्या वेळी नेमके पांगलेले), त्यांनी एक यंत्र केलंय. एक मोठा पंखा, त्याच्यासमोर दोनशे बारीक तोट्या, मागे खाऱ्या पाण्याचं पिंप. चालू केलं की धुक्यासारखा पांढरा फवारा वर जातो. माझं काम असं की विभागाच्या मागच्या चौकात हे यंत्र रोज दुपारी वीस मिनिटं, असं चौदा दिवस चालवायचं आणि खाली पोचणारं ऊन किती कमी झालं ते मोजायचं. एवढंच. याच्यावर माझी पदवी. पण दुसऱ्या सत्रातल्या बाई, ज्यांना आम्ही कायदेबाई म्हणतो, त्यांनी विभागाच्या समितीकडून एक नियम करून घेतलाय. दुसऱ्याच्या डोक्यावरच्या हवेत काही सोडायचं तर चौकाभोवतालच्या प्रत्येक घराची लेखी संमती हवी. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. एक जरी नाही म्हणाला तर यंत्र बंद. मी मोजली, चौसष्ट दारं होती. मी मनात म्हटलं, हात्तिच्या, आमच्या सोसायटीची वर्गणी गोळा केलेली मुलगी आहे मी.

आत्या, माणसं सही कशावरही करतात. खाली पाव भाजणाऱ्याने पिठाच्या हाताने सही केली आणि विचारलं, गतिरोधक कधी होणार? एका आजोबांना वाटलं मी जनगणनेला आले. त्यांनी सही तर केलीच, वर मला तीन मुलांची नावं, वयं आणि कोण कोणाशी बोलत नाही तेही लिहून घ्यायला लावलं. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या बाईंनी मात्र कागद नीट वाचला. मला भरून आलं. वाचून त्या म्हणाल्या, गारवा होणार असेल तर यंत्राचं तोंड जरा आमच्या बाजूला वळवा, समोरच्यांना नको. न्हाव्याने सही करायच्या आधी माझे केस कापले. (मी नको म्हणाले होते. तेव्हा संमतीचं महत्त्व मला पहिल्यांदा कळायला हवं होतं.) असं करत करत त्रेसष्ट झाल्या.

चौसष्टावं दार एका रफूगराचं. चौकाच्या सावलीच्या बाजूला, तळमजल्यावर, एकच खोली. एक टेबल, भिंतभर दोऱ्यांची रिळं, आणि एक उंच खिडकी, जिच्यातून ऊन कधी येत नाही पण उजेड दिवसभर सारखा येतो. माणूस साठीच्या पुढचा, मान कायमची डावीकडे कललेली. कपड्याला पडलेलं भोक हा गृहस्थ असं बुजवतो की कपड्यालाही आठवत नाही. मी आत गेले, कागद पुढे केला, माझं पाठ झालेलं भाषण म्हटलं. त्याने ऐकलं. कागद बाजूला ठेवला. माझ्या कोटाची बाही उसवली होती ती न विचारता ओढून घेतली, पाच मिनिटांत टाके घातले, आणि बाही परत दिली. बोलला काही नाही. ना हो, ना नाही. मी थँक्यू म्हटलं आणि बाहेर आले.

आता इथे तुझ्या भाचीने आपल्या घराण्याची विद्या वापरली. आपल्याकडे कोणी गप्प बसलं की ते हो असतं, हे तू मला सांगायला नको. बाबांनी घरात काहीही ठरवलं आणि आई गप्प बसली की झालं, सर्वानुमते मंजूर. मी पायरीवर बसून त्याच्या नावापुढे 'तोंडी होकार' असं लिहिलं आणि एक सुबक बरोबरची खूण केली. चौसष्ट! ढगोबांनी माझी पाठ थोपटली. परदेशी मुली मेहनती असतात, असं ते चारचौघांत म्हणाले. मीही मान खाली घालून लाजले. लाजायचं कारण वेगळं होतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

यंत्र सुरू झालं. पहिले सात दिवस स्वर्ग. चौकात दुधासारखा उजेड, आकडे सुरेख, मी आईला फोटो पाठवले. आठव्या दिवशी रफूगर विभागात हजर. हातात एक काळा कोट. तो मधल्या दालनात उभा राहिला आणि त्याने तो कोट टेबलावर पसरला. झालं होतं असं, की हा कोट गावातल्या अंत्यविधी करवणाऱ्या गृहस्थांचा. तीस वर्षांचं गिऱ्हाईक. खिशाजवळ कसरीने खाल्लेलं भोक रफू करायला दिलं होतं. आणि काळ्यात दहा काळे असतात, आत्या, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या फवाऱ्याने उजेड पांढरट झाला, शिवाय सात दिवसांत त्या खिडकीच्या काचेवर मिठाची पातळ साय धरली, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा या माणसाने चुकीचं रीळ उचललं. खोलीत सगळं काळंच दिसलं. दुसऱ्या दिवशी भर उन्हात, खड्ड्याच्या कडेला, शवपेटीशेजारी हात जोडून उभ्या असलेल्या त्या गृहस्थांच्या छातीवर तळहाताएवढा हिरवागार चौकोन उमटला. गेलेल्या माणसाची बायको रडता रडता हसली म्हणे. तिचं पाहून आणखी चौघं. त्या गृहस्थांच्या धंद्यात एवढी एकच गोष्ट चालत नाही.

चौकशी बसली. कायदेबाईंनी माझी यादी मागवली, चष्मा लावला आणि बरोबर चौसष्टाव्या ओळीवर बोट ठेवलं. तोंडी होकार म्हणजे यांनी काय म्हटलं? मी म्हटलं, काही नाही. मग होकार कुठला? मी म्हटलं, नाही पण म्हणाले नाहीत. यावर त्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला आपल्या घराण्याच्या वतीने शरम वाटली. ढगोबा नेमके पांगले होते. निकाल असा : यंत्र बंद, आतापर्यंतचे आकडे रद्द, रफूगराची लेखी सही आणली तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. नाही आणली तर प्रबंध नाही, प्रबंध नाही तर पदवी नाही. आणि माझा राहण्याचा परवाना सत्रासोबत संपतो, 'उद्देश : इतर'ला मुदतवाढ नसते. म्हणजे दोन वर्षं, आईच्या जिवाला घोर, बाबांची जिन्यातली भाषणं, हे सगळं एका माणसाच्या सहीवर लटकलं, आणि त्या माणसाचा कोट मी हिरवा केला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्या दिवशी मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. (दगडाबाईने दार वाजवून विचारलं, पाणी वाया का घालवतेस? पर्यावरणाचे विद्यार्थी असेच असतात.)

दुसऱ्या दिवसापासून मी कागद घेऊन त्याच्याकडे जायला लागले. पहिल्या दिवशी त्याने मला स्टूल दिलं, चिमटा दिला आणि तो काळा कोट माझ्या मांडीवर टाकला. हिरवे दोरे एकेक करून उपसायचे, कापडाला धक्का न लावता. तूच भोगायचंस, हे तो बोलला नाही, पण एव्हाना मला त्याचं न बोलणं वाचता यायला लागलं होतं. खिडकीची काच मी रोज पुसायची. चार दुपारी माझे दोरे तुटत होते आणि तो मान कलती ठेवून उसासे टाकत होता. पाचव्या दुपारी तो बोलला. मला ढगवाली म्हणतो तो.

"ढगवाले, किती दिवस चालायचं हे तुझं?"

मी म्हटलं, चौदा. तो म्हणाला, सहाव्या दिवशी मला नकोसं झालं तर कोणाला सांगू? मी म्हटलं, विभागात अर्ज करायचा. तो म्हणाला, अर्ज वाचेपर्यंत बंद असेल का चालू? (माझा सप्टेंबरातला अर्ज मला आठवत होता.) मग म्हणाला, तू तर तुझ्या गावी जाणार. मागे काही बिघडलं तर तो ढग कोणाच्या नावावर? आत्या, आमच्या समितीत अकरा विद्वान आहेत. त्यांनी दोन वर्षांत मला पंख्याचा वेग, थेंबाचा आकार, मिठाचा दर्जा यावर भंडावून सोडलं. हे तीन प्रश्न एकानेही विचारले नाहीत. मी ते घरी जाऊन वहीत उतरवले आणि उत्तरं शोधायला बसले, तर पुस्तकंच्या पुस्तकं उलटली, नुसत्या आकृत्या. अख्ख्या जगावर सावली धरायच्या गप्पा, आणि 'मला नकोसं झालं तर कोणाला सांगू' याला कोणाकडे पत्ता नाही!

तरी मी चिवट. रोज गेले, रोज कागद काढला, रोज त्याने तो रिळाखाली सरकवला. अकराव्या दुपारी मी घाईत कागद खोलीवरच विसरले. तसंच स्टुलावर बसले आणि दोरे काढायला लागले. आणि काही सुचेना म्हणून, निव्वळ गप्पा म्हणून, मी विचारलं, काका, तुम्हाला हे का नकोय? आत्या, त्या माणसाने सुई खाली ठेवली. मग त्याने समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे एक खिडकी होती, विटांनी बुजवलेली. तीस वर्षांपूर्वी आमच्या विभागाने आपली नवी उंच प्रयोगशाळा बांधली ती त्या खिडकीला चिकटून. त्याआधी त्याचं टेबल तिथे होतं, उजेड दोन्हीकडून यायचा. विचारायला कोणी आलं नाही. तोही काही बोलला नाही, शिकलेल्या लोकांपुढे काय बोलायचं म्हणून. "मी गप्प बसलो, तर सगळ्यांनी धरलं की याला चालतंय," तो म्हणाला. "मला चालत नव्हतं गं. माझी मान तेव्हापासून वाकडी आहे." मग पुन्हा सुई उचलली. म्हणाला, ही एकच खिडकी राहिली, ही मी देणार नाही. पण विचारलंस, बरं वाटलं.

दहा दुपारी मी त्याच्याकडे सही मागत होते. का नको, हे विचारायला मला अकरावी उजाडावी लागली, आणि तीही कागद विसरले म्हणून. मी त्याला सॉरी म्हटलं. कोट पूर्ण झाला. आता बरोबर काळा.

सही नाहीच मिळाली. मी तसं समितीला जाऊन सांगितलं, आणि ते तीन प्रश्न, ती बुजवलेली खिडकी, सगळं सांगितलं. वाटलं, आता बॅग भरायची. तर कायदेबाई म्हणाल्या, मग यावरच लिही ना प्रबंध. नकारावर. थोडक्यात, तुझी भाची ढग बनवायला आली होती, ती आता लोक नाही का म्हणतात याची तज्ज्ञ होणार आहे. समिती खूश आहे, कारण या प्रबंधाला पाणी, वीज, मीठ काही लागत नाही. ढगोबा रुसलेत. त्यांच्या यंत्रावर ताडपत्री घातली आहे आणि ताडपत्रीवर कबुतरं बसतात. पांढरं काहीतरी होतंय एवढंच त्यांना समाधान. या महिन्याच्या वीस तारखेला प्रबंध द्यायचा आहे. रफूगराला वाचून दाखवला. तो म्हणाला, लांबलाय, कडेने काप.

बाकी ठीक. आईला सांग, मी वेळेवर जेवते. (खोटं आहे, पण सांग.) तुझ्या गुडघ्याला माझा वेगळा नमस्कार.

तुझी,
भुणभुण

ता. क. आता खरं काम. सोबत एक घडी घातलेला कागद आहे, तो तू ओळखशील. आपली इमारत पाडून नवी बांधायच्या संमतीचा फॉर्म. तेवीस बिऱ्हाडांनी सही केली, तळमजल्यावरच्या तुझ्या एका घराची राहिली. बाबा म्हणतात, ताईला विचारलं की ती 'दूध उतू जातंय' म्हणून आत जाते आणि परत येत नाही. म्हणून त्यांनी फॉर्म इकडे धाडून हे काम माझ्यावर सोपवलंय, तू माझं ऐकतेस म्हणून. वरचं पत्र मी तुझं मन वळवायला लिहायला घेतलं होतं. लिहिता लिहिता ते असं झालं. बाबांना दाखवू नकोस. त्यांनी विचारलं तर सांग, पोरीने फार कळकळीने समजावलंय, विचार करते.

ता. क. २. अगदी हातापाया पडून सांगते, वीस तारखेच्या आत सही करू नकोस. कायदेबाई म्हणतात, एका माणसाचा नकार म्हणजे किस्सा, दोन माणसांचा नकार म्हणजे पुरावा. मला दुसरा माणूस हवाय आणि तुझ्याइतका खमका या पृथ्वीवर दुसरा नाही. प्रबंधात तुझं नाव येणार नाही, 'तळमजल्यावरील एक निवृत्त महिला' एवढंच येईल. दूध उतू जातंय हे मात्र मी घालणार आहे.

ता. क. ३. हे पाकीट मी चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. आत्या, सोसायटीच्या सभेत तू काही बोलली नाहीस, तेव्हा बाबांनी मला तिथूनच फोन केला होता. म्हणाले, ताई गप्प आहे, यादीत काय लिहू? मी घाईत होते, रफूगराच्या दाराकडे निघाले होते. मी म्हटलं, बाबा, गप्प आहे म्हणजे होच, लिहून टाका. सभेच्या यादीत तुझ्या नावापुढे होकाराची जी खूण आहे, ती बाबांची नाही गं, माझी आहे. मला माफ कर. तो फॉर्म फाडलास तरी चालेल, मला रागावलीस तरी चालेल, प्रबंधात तुला यायचं नसेल तर तेही चालेल, मी काहीतरी बघेन. फक्त एक सांग. तुला का नकोय? हे मी तुला अजून विचारलेलंच नाही.